तिरकी केली की सुरू!

स्कूटर घ्यायची म्हटलं की पुणेकर आज आधी ॲव्हरेज विचारतो. १९७२मध्ये बजाजची ‘चेतक’ आली, त्यानंतर बराच काळ प्रश्न एकच असे: नंबर कधी लागणार? नोंदणी करून वर्षानुवर्षं थांबावं लागे. गाडी दारात आली की हार, नारळ, पेढे.

सांभाळणं अंगमेहनतीचं. टू-स्ट्रोक इंजिन, म्हणून पेट्रोलमध्ये ऑइल मापून घालायचं. सकाळी किक मारमारूनही सुरू झाली नाही, तर ती एका अंगावर तिरकी करायची, क्षणभर तशीच धरायची, मग पुन्हा किक. काळवंडलेला प्लग काढून पॉलिश पेपरने घासणं घरातल्या पोरांनाही जमे. ती जवळीक आता उरली नाही, याची हळहळ वाटतेच.

तरीही तो निळसर धूर आठवला की २०२०मध्ये विक्रीला आलेल्या इलेक्ट्रिक चेतकचं मनापासून स्वागत करावंसं वाटतं. मात्र घेण्याआधी बसून पाहावं, पाय जमिनीला नीट टेकतात का. बॅटरीची वॉरंटी विचारावी. आणि पार्किंगमध्ये चार्जिंगचा पॉइंट? या चेतकची बॅटरी काढून घरात नेता येत नाही; पेठेतल्या जुन्या वाड्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांचं घोडं तिथेच अडतं.