हातावरची फुली



आपल्याकडे मद्य-मांसाचा त्याग मुलांना घरातूनच मिळतो. अष्टमूलगुणांची नावं पाठ होण्याआधीच जिभेला वळण लागलेलं असतं. पण असाच नियम अमेरिकेतल्या काही मुलांना गाण्यातून मिळाला, तोही कानठळ्या बसवणाऱ्या गाण्यातून. हे मला नातवामुळे कळलं. तो पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. सुट्टीत आला तेव्हा दोन्ही हातांच्या पाठीवर काळ्या पेननं मोठी फुली काढलेली. कशाची म्हणून विचारलं, तर दोन तास सांगत बसला.

पंक नावाचं संगीत १९७०च्या दशकात अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये वाढलं. फाटके कपडे, ताठ उभे केलेले केस आणि मोठ्यांच्या जगावरचा राग. सोबत नशाही आली. सेक्स पिस्टल्स या बँडमधला सिड व्हिशस १९७९ साली हेरॉइनपायी गेला. वय अवघं २१.

वॉशिंग्टनच्या काही शाळकरी मुलांना हे संगीत हवं होतं, नशा नको होती. अडचण अशी की क्लबांची कमाई दारूवर, त्यामुळे लहान वयाच्यांना आतच घेत नसत. (मी कॉमर्सची, हा हिशेब लगेच कळला!) १९८० मध्ये टीन आयडल्स हा त्यांचा बँड कॅलिफोर्नियाला गेला. तिथल्या क्लबात लहान मुलांच्या हातावर काळी फुली मारत, म्हणजे आत या, पण दारू मिळणार नाही. परत आल्यावर ही युक्ती त्यांनी आपल्या गावच्या क्लबाला सुचवली. पुढं ती मनाईची खूण मुलं हौसेनं स्वतःच काढू लागली.

त्याच बँडमधल्या इयन मॅकायनं नंतर मायनर थ्रेट हा बँड काढला आणि १९८१ मध्ये ‘स्ट्रेट एज’ नावाचं गाणं केलं. जेमतेम पाऊण मिनिटाचं. नातवानं ऐकवलं, मी नीट बसेपर्यंत संपलंसुद्धा. पण त्या नावानं मुलांचा पंथच उभा राहिला. दारू नाही, सिगारेट नाही, नशा नाही. १९८८ पर्यंत न्यूयॉर्कचा यूथ ऑफ टुडे हा बँड मांसाहाराविरुद्ध गाऊ लागला. कुणी महाराज नाहीत, प्रवचन नाही, घरात सगळे खाणारे-पिणारे, आणि पोरं मांस सोडतायत! मला याचं फार कौतुक वाटलं.

मॅकाय सांगत राहिला की मी माझ्यापुरतं म्हटलं होतं, नियमावली काढली नव्हती. पण ऐकतो कोण? १९९०च्या दशकात सॉल्ट लेक सिटीत यातलीच काही मुलं पिणाऱ्यांना मारहाण करू लागली. पोलिसांनी त्यांना गुंडांची टोळी ठरवलं. प्राण्यासाठी जीव कळवळतो आणि माणसावर हात उगारतात. दशलक्षणात उत्तम मार्दवाच्या दिवशी मान कषायाबद्दल आपण दरवर्षी ऐकतो, तो हाच. मी सोडलं, त्यानं नाही सोडलं, म्हणून मी वरचा. आपल्या स्वयंपाकघरातही तो असतो, बरं का. कोण कांदा खातं, कोण रात्री जेवतं, यावर भिशीत काय काय बोललं जातं ते आठवा.

नातवाचा एक मित्र होता, याच संगीतातला. दोघं मिळून फुल्या काढायचे. त्यानं एका पार्टीत बिअर घेतली, तर सगळ्यांनी त्याला गटातून काढलं. नातू म्हणाला, “आज्जी, ज्यानं मोडलं तो मुळात आपला नव्हताच. असंच असतं त्यात.”

इथं मात्र मी त्याला थांबवलं. म्हटलं, “आपल्यात असं नसतं बाळा. नियम मोडला तर प्रायश्चित्त घेऊन पुन्हा घेता येतो. सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांत उपगूहन आहे, म्हणजे दुसऱ्याचा दोष चारचौघांत उघडा करायचा नाही. स्थितीकरण आहे, म्हणजे वाट चुकलेल्याला पुन्हा वाटेवर उभं करायचं. तुमच्या गाण्यांत यासाठी काही आहे का?”

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “शोधतो.”

जाताना मी डब्यात लाडू दिले, थोडे जास्तच. अर्धे त्या मित्राचे, असं सांगितलंय. दिले की नाही, अजून फोनवर बोललेला नाही.