अब्बांची तेलकट वही

आमच्या घरात दोन वह्या होत्या. एक किराण्याची, अम्मीची. दुसरी तेलाचे डाग पडलेली, अब्बांची. इंजिन ऑइल कितव्या किलोमीटरला बदलले, डिझेल फिल्टर कधी टाकला, पाट्यांना ग्रीस कधी मारले, असा आमच्या पिकअपचा सगळा हिशेब तिच्यात असे. तुमसरच्या आसपास धान, भाजी, विटा वाहून याच गाडीने आमचे घर चालवले.

जुम्म्याच्या सकाळी अब्बा भाडे घेत नसत. सपाट जागी, इंजिन थंड असतानाच ऑइलची पट्टी पुसून पुन्हा बुडवत; तेल दोन खुणांच्या मध्ये दिसले पाहिजे. मग कूलंट, टायरची हवा, चाकांचे नट. शेवटी डिझेल फिल्टरखालचा बोल्ट सैल करून साचलेले पाणी काढत. म्हणत, “पाणी डिझेलपेक्षा जड असते बेटा. तळाशी गुपचूप बसून राहते.”

अब्बांच्या इंतकालानंतर वही कपाटात गेली. भाडी वाढली. आम्ही दोघे भाऊ आळीपाळीने गाडी चालवायचो आणि प्रत्येकाला वाटायचे, दुसऱ्याने पाहिले असेल. फिल्टरमध्ये पाणी झाल्याचा दिवा लागला, तेव्हाही “या फेरीनंतर बघू” म्हणालो.

नोव्हेंबरमध्ये मोहाडी तालुक्यातल्या एका शेतकरी काकांचे धानाचे कट्टे खरेदी केंद्रावर न्यायचे होते. काका आमच्याच शेजारी बसले होते. अंधार पडताना गाडी झटके देऊ लागली आणि बंद पडली. फिल्टरजवळचा हातपंप दाबून पाहिला, काही उपयोग नाही. रात्री अवकाळी पाऊस आला. ताडपत्री होती, पण फाटकी. सकाळी मिस्त्रीने फिल्टर उघडला, तर आतून पाणी आणि काळा गाळ निघाला.

काका काही बोलले नाहीत. एकेका कट्ट्यात हात घालून पाहत राहिले. सरकारी खरेदीत धानाला १७ टक्क्यांहून जास्त ओल चालत नाही; माल परत आला. चार दिवस तो आमच्या अंगणात वाळला. नुकसान आम्ही भरून दिले. पैसे घेताना काका एवढेच म्हणाले, “पैसा दिला तुम्ही, पण माझा नंबर गेला ना बाबू.”

ते वाक्य आम्हाला अजून टोचते. तो फिल्टर एका दिवसाच्या भाड्याहूनही स्वस्त होता. गाडीची देखभाल म्हणजे आपल्या खिशाचा प्रश्न, असे आम्ही समजत होतो. पण मागे लादलेला माल ही दुसऱ्याची अमानत असते. त्यात त्याचा अख्खा हंगाम असतो.

आता वही पुन्हा बाहेर आली आहे. नववीतली आमची बहीण ती लिहिते. धानाच्या दिवसांत हवेचा फिल्टर आणि रेडिएटरची जाळी कोंडा-धुळीने लवकर भरते, म्हणून ती दर आठवड्याला विचारते, “झाडली का?” लांबून भरल्या गाडीने आलो तर इंजिन लगेच बंद करत नाही, टर्बो निवायला मिनिटभर तसेच चालू ठेवतो. ताडपत्रीही नवी घेतली.

यंदा काकांचा धान आम्हीच नेला. निघण्याआधी बोल्ट सैल केला. काका वाकून पाहत होते. स्वच्छ डिझेल आले, तेव्हा तेच आधी गाडीत जाऊन बसले.