केडगाव : दुष्काळात उघडलेले दार

पुण्याहून दौंडकडे निघालेली गाडी लोणी, उरुळी, यवत अशी स्टेशने घेत केडगावला येते. नगरजवळचे केडगाव वेगळे, हे दौंड तालुक्यातले. आज आजूबाजूला उसाचे मळे दिसतात आणि हंगामात गुऱ्हाळांचा गोड वास हवेत भरून राहतो. दत्तभक्त नारायण महाराजांच्या बेटाकडे जाणारे भाविक इथे उतरतात. याच गावात पंडिता रमाबाईंनी उभे केलेले ‘मुक्ती मिशन’ आहे. जुन्या झाडांच्या सावलीतल्या इमारती, मोठे चर्च आणि शाळेच्या मुलींची लगबग पाहून हे ठिकाण कोणत्या दिवसांत उभे राहिले असेल, याची कल्पनाही येत नाही.

ते दिवस दुष्काळाचे आणि प्लेगचे होते. देव दयाळू आहे, असे म्हणायला माणसाची जीभ अडखळावी, असेच ते दिवस होते.

भुकेची जुनी ओळख

दुष्काळ म्हणजे काय हे रमाबाईंना कोणी सांगावे लागले नाही. १८५८ साली जन्मलेल्या या मुलीला वडील अनंतशास्त्री डोंगरे आणि आई लक्ष्मीबाई यांनी संस्कृत शिकवले, हे त्या काळी धाडसच होते. पुराणे सांगत तीर्थांमागून तीर्थे फिरणाऱ्या या कुटुंबावर दक्षिणेतल्या दुष्काळात घाला पडला. वडील, आई आणि थोरली बहीण पाठोपाठ गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या विद्वानांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवले. पण १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी तिने बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह केला आणि १८८२ मध्ये तेही गेले. पदरात मनोरमा ही तान्ही मुलगी उरली.

१८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या. तिथे ख्रिस्ती भगिनी समाजाने टाकलेल्या स्त्रियांना मायेने जवळ करतात, हे त्यांनी लंडनमध्ये डोळ्यांनी पाहिले. ज्यांच्याकडे जग पाठ फिरवते त्यांनाही देव जवळ घेतो, हा विचार त्यांच्या मनात घर करून राहिला. त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. या निर्णयाने महाराष्ट्रातली अनेक माणसे दुखावली. १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी सुरू केलेले ‘शारदा सदन’ पुण्याला आल्यावर धर्मांतराच्या प्रश्नावरून मोठा वाद झाला. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे हितचिंतकही १८९३ मध्ये संस्थेपासून दूर झाले. दोन्ही बाजूंना वेदना होती, हे आज शांतपणे मान्य करता येते. रमाबाईंच्या बाबतीत इतके खरे, की नवा धर्म घेतल्याने त्यांचा मार्ग सोपा झाला नाही. तो अधिकच एकाकी झाला.

पैसा नव्हता, मुली आल्या

१८९६-९७ च्या दुष्काळाच्या बातम्या मध्य प्रांतातून येऊ लागल्या, तेव्हा रमाबाईंची स्थिती बिकट होती. १८८७ मध्ये बोस्टनला स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे मदत देण्याचे वचन दिले होते. ती मुदत नेमकी आता संपत आली होती. पुढच्या वर्षी पैसा कुठून येणार, हे ठाऊक नव्हते. कोणीही शहाण्या माणसाने अशा वेळी हात आखडता घेतला असता. रमाबाई मात्र स्वतः दुष्काळी भागात गेल्या. रस्त्याकडेला बसलेल्या मुलींमध्ये त्यांना आपलेच जुने दिवस दिसले असतील. शेकडो मुली आणि तरुण विधवा घेऊन त्या परतल्या.

इकडे पुण्यात प्लेग होता. एवढ्या मुलींना शहरात ठेवणे शक्य नव्हते. केडगावला घेतलेली उघडी, कोरडी शेतजमीन तेवढी हाताशी होती. तिथे आधी तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या, विहिरी खोदल्या गेल्या, भाजीपाला लावला गेला. कित्येक मुली उपासमारीने इतक्या खंगल्या होत्या, की आसरा मिळूनही वाचल्या नाहीत. हे दुःखही याच मातीत आहे. तरी १९०० पर्यंत इथे दीड हजारांच्या आसपास माणसे राहू लागली.

विश्वास ठेवायचा म्हणजे हात जोडून गप्प बसायचे, असे रमाबाईंनी कधी मानले नाही. पुण्यातल्या प्लेगच्या बंदोबस्तात स्त्रियांचे हाल होतात, अशी तक्रार त्यांनी १८९७ मध्ये वर्तमानपत्रातून जाहीरपणे केली आणि सरकारची नाराजी ओढवून घेतली. केडगावातही प्रार्थना आणि काम बरोबरीने चाले. मुली विणकाम, शिवणकाम, शेती, गवंडीकाम, सुतारकाम आणि छपाई शिकत. समाजाने लाथाडलेल्या स्त्रियांसाठी ‘कृपा सदन’ आणि अंध स्त्रियांसाठी ‘बार्टिमी सदन’ निघाले. मनोरमाबाई परदेशातून ब्रेल लिपी शिकून आल्या होत्या. त्यामुळे अंध मुलींच्या बोटांना अक्षरे भेटली.

गाऱ्हाणेही प्रार्थनाच

आयुष्याची अखेरची वर्षे रमाबाईंनी बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. ऐकू येणे फार कमी झाले होते, पण लेखणी थांबली नाही. खेड्यातल्या साध्या बाईला कळेल अशी भाषा त्यांना हवी होती. छपाईचे काम केडगावच्याच छापखान्यात, तिथल्याच स्त्रियांच्या हातून होत होते.

ख्रिस्ती धर्मग्रंथ दुःखावर पांघरूण घालत नाही. मुलेबाळे आणि संपत्ती गमावलेला ईयोब देवालाच जाब विचारतो. स्तोत्रसंहितेतली कितीतरी स्तोत्रे तर गाऱ्हाण्याचीच आहेत. तरी हे गाऱ्हाणे देवाकडेच नेलेले असते. ज्याच्यावर भरवसा असतो त्याच्यापाशीच माणूस मोकळेपणाने रडतो. आईबापांना भुकेने जाताना पाहिलेल्या स्त्रीने हे शब्द एकेक करून मराठीत आणले, तेव्हा तिला त्यांचा अर्थ कोशात शोधावा लागला नसेल.

शेवटची परीक्षा घरातच झाली. संस्था जिच्या हाती सोपवायची, ती मनोरमा १९२१ मध्ये चाळिसाव्या वर्षी गेली. माहेर, भाऊ आणि पती यांच्यानंतर आता मुलगीही. रमाबाईंनी भाषांतराचे काम सोडले नाही. नऊ महिन्यांच्या आत, ५ एप्रिल १९२२ रोजी, त्यांनीही डोळे मिटले. त्यांचे बायबल १९२४ मध्ये पूर्ण छापून झाले.

केडगावला येणाऱ्याने चर्च पाहावे, पण विहिरींचाही विचार करावा. देवाच्या दयेवर रमाबाईंचा भरवसा होता, म्हणूनच पाणी लागेल की नाही हे माहीत नसताना त्यांनी कुदळ मारली, आणि धान्य पुरेल की नाही हे माहीत नसताना दार उघडले. त्यांच्यावरचे दुःख टळले नाही. पण दाराशी आलेल्या भुकेल्या मुलीला, देव दयाळू आहे हे आधी भाकरीतून कळले, शब्द नंतर आले.