शूटिंग रेंजवरचा पहिला दिवस

राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळे यांनी २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीचे कांस्यपदक मिळवले. तेव्हापासून आमच्या पुतणीने हट्टच धरला. शेवटी तिला घेऊन पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलातल्या शूटिंग रेंजवर गेलो.

मला वाटले, धडाधड बार ऐकू येतील. पण ती हवेची रायफल, आवाज नुसता ‘टप्’. लक्ष्य १० मीटरवर आणि त्याचा मधला ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा. राजगिऱ्याचा दाणाही त्याहून मोठा!

पहिला तासभर पोरीच्या हाती छर्राच दिला नाही. बंदूक नेहमी भरलेलीच समजायची, नळी लक्ष्याकडेच ठेवायची, नेम धरेपर्यंत चापाला बोट लावायचे नाही. ‘थांबा’ म्हटले की सगळ्यांनी रायफली खाली ठेवायच्या. एवढेच पुन्हा पुन्हा.

ऐकता ऐकता मला वडिलांची ठासणीची बंदूक आठवली. रानडुकरांसाठी परवान्याची होती. भरून दाराआड उभी असायची. एकदा धाकट्या भावाने ती ओढली आणि बार आढ्यात गेला. आई संध्याकाळपर्यंत त्याला पोटाशी धरून बसली होती. आढ्यातले भोक अजून तसेच आहे.

तुमच्याकडे पीकसंरक्षणाची बंदूक असेल, तर अंक बाजूला ठेवा आणि ती कशी ठेवली आहे ते आधी पाहून या.