वक्राचे डावे टोक

पावसाच्या आकड्यांवरून दुष्काळ मोजताना कोणते संख्याशास्त्रीय वितरण घ्यायचे, हे पुष्कळदा आकड्यांना कोणता वक्र अधिक चिकटून बसतो यावरून ठरवले जाते. मला ही कसोटी अपुरी वाटते. आकडे दाटीने असतात ते मध्यावर. दुष्काळ असतो डाव्या टोकाला, आणि तिथे साठ-सत्तर वर्षांच्या नोंदींतले जेमतेम दोन-चार आकडे सापडतात. समजा, मराठवाड्यासारख्या कोरडवाहू भागात जून ते सप्टेंबरच्या पावसाची सरासरी ७०० मिलिमीटर आणि प्रमाण विचलन तिच्या ३५ टक्के आहे. एका वर्षी २५० मिलिमीटरच पाऊस झाला. सममित घंटाकृती वक्र लावला, तर प्रमाणित पर्जन्य निर्देशांक उणे १.८ येतो, म्हणजे तीव्र दुष्काळ. गॅमा वितरण लावले, तर उणे २.४ च्या आसपास, म्हणजे अतितीव्र. पाऊस तोच, शिवार तेच, पण कागदावरची श्रेणी बदलली. मध्यावर मात्र हे दोन्ही वक्र जवळजवळ हातात हात घालून चालतात.

मग निवाडा कशावर करायचा? पावसाच्या स्वभावावर. पाऊस शून्याखाली जात नाही, आणि अतिवृष्टीची वर्षे उजवी बाजू लांबवतात. घंटाकृती वक्र उणे पावसालाही थोडी शक्यता देतो. गॅमा देत नाही. मॅकी आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये हा निर्देशांक मांडताना गॅमाच वापरले होते. यावर रास्त आक्षेप असा, की प्रत्येक केंद्राला चाचणी लावून त्याचे सर्वोत्तम वितरण का देऊ नये? पण इतक्या थोड्या वर्षांत चाचण्या या वक्रांमध्ये क्वचितच ठाम फरक करतात, आणि शेजारच्या दोन मंडळांना वेगवेगळे वक्र लागले, तर नकाशावर निसर्गात नसलेली सीमा उमटते. तिसरा प्राचल असलेले पिअर्सन वितरण अधिक लवचीक आहे, हे खरे. गटमन यांनी १९९९ मध्ये त्याचीच शिफारस केली होती. पण नोंदी तोकड्या असतील, तर त्याची खालची मर्यादा कधीकधी शून्याच्या बरीच वर येते आणि तिच्याहून कमी पाऊस अशक्य ठरतो. ती जोखीम मी घेणार नाही.

गॅमालाही शून्य पचत नाही, म्हणून कोरड्या वर्षांची शक्यता वेगळी जोडतात. फेब्रुवारीत दहापैकी सहा वर्षे थेंबही पडत नसेल, तर नेहमीच्या रीतीने थेंब न पडलेल्या महिन्याचा निर्देशांक अधिक ०.२५ येतो! अशा महिन्यासाठी वितरण बदलत बसण्यापेक्षा निर्देशांक काढूच नये. खरिपासाठी चार महिन्यांची बेरीज घ्यावी. तिच्यात जुलैतला तीन आठवड्यांचा खंड लपतो, ही तक्रार खरी आहे. पण कोणताही वक्र तो दाखवू शकत नाही. तो दिवसवार नोंदींतूनच मोजावा लागतो.