आतड्याची साक्ष

आज्जीला मुरडा आला तो रविवार होता. खासबागेचा बाजार भरलेला, पलीकडच्या घरातला यंत्रमाग खडखडत होता आणि आज्जी भिंतीला पाठ टेकून पोट दाबून बसलेली. ताप आहे का, शौचात रक्त पडतंय का, हे विचारून घेऊन दुकानदारानं लोपरामाइडची पट्टी दिली. दुपारपर्यंत ढाळ थांबले. मग मला शहाणपण सुचलं. ही गोळी अफूच्या जातीची, असं मी सांगून बसलो.

आज्जी ताठ झाली. "अफू? मग मला झोप कशी आली नाही रे?"

प्रश्न बिनतोड होता. तिच्या लेखी अफू म्हणजे गुंगी. मुंबईच्या गिरणीत राबलेल्या आत्तीकडून तिनं बाळागोळीच्या गोष्टी ऐकलेल्या. आई पाळीवर जाताना तान्ह्याला कणभर अफू चाटवायची आणि पोर दिवसभर निपचित पडायचं.

लोपरामाइड बेल्जियममधल्या पॉल यान्सेन यांच्या कंपनीत १९६९ साली तयार झालं. अफूचं द्रव्य पेशींवरच्या ज्या कुलपांना लागतं, त्यांनाच हेही लागतं. फरक इतकाच की नेमून दिलेल्या मात्रेत ते मेंदूत जवळजवळ शिरतच नाही. तिथल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीतलं पी-ग्लायकोप्रोटीन त्याला परत रक्तात ढकलतं. (मात्रेबाहेर घेतलं तर मात्र हृदयाचे ठोके बिघडतात, तेव्हा हा पहारा गृहीत धरू नये.)

अफूचं घर मेंदूत, असं आपण धरून चालतो. पण अ‍ॅबरडीनला शास्त्रज्ञ हान्स कॉस्टरलिट्झ वर्षानुवर्षं गिनीपिगच्या आतड्याचा तुकडा द्रावणात टांगून त्याला विजेचे झटके देत बसले होते. मॉर्फिन टाकलं की तुकड्याचं आखडणं मंदावे, मॉर्फिनला तोडणारं नॅलोक्सोन टाकलं की पूर्ववत होई. १९७५ साली त्यांनी आणि जॉन ह्यूज यांनी डुकराच्या मेंदूतून शरीराची स्वतःची अफू, एन्केफॅलिन, वेगळी काढली तेव्हाही तिची पारख करायला हे आतडं होतंच. मेंदूच्या मालाला आतड्याची साक्ष! मला ही गोष्ट फार आवडते.

आतड्याच्या भिंतीत दहा कोटींहून अधिक चेतापेशी आहेत. अफू त्यांना दाबते म्हणून मलावरोध होतो. वेदनेच्या नसा वेगळ्या. त्यांच्या पेशी पाठीच्या कण्यालगत. अफूची कुलपं तिथं घडतात आणि नसेतून आतड्यापर्यंत पोचवली जातात. कुलपाला अफू लागली की नसेच्या टोकात कॅल्शियमचा शिरकाव घटतो आणि कळ कण्यापर्यंत जाण्याआधीच विझू लागते. आतडं सुजलं तर तिथं धावलेल्या पांढऱ्या पेशी स्वतःबरोबर एंडॉर्फिन, म्हणजे शरीराचीच आणखी एक अफू, आणतात. जिथं दुखतं तिथंच, डोकं जागं ठेवून, उतारा.

मग याचंच औषध का करू नये? २०१५ साली अमेरिकेत एलक्सॅडोलिनला मान्यता मिळाली, पोटदुखी आणि जुलाब दोन्हींसाठी. दोनच वर्षांत इशारा आला की पित्ताशय काढलेल्यांनी घेऊ नये, स्वादुपिंड सुजू शकतं. मेंदूपर्यंत जाणारी अफू दीर्घकाळ घेणाऱ्या काहींची तर पोटदुखी उलट वाढते.

हे सगळं मी आज्जीला सांगितलं नाही. गोळी कारखान्यातली, बोंडातली नव्हे, तुझी कळही बहुधा आतड्याची धांदल थांबल्यामुळे गेली असावी, एवढंच बोललो. तिनं उरलेली पट्टी उचलली आणि फडताळात खसखशीच्या डब्याला टेकवून ठेवली.

"असू दे की. भाऊबंदच नव्हं ती?"