हाडांच्या चपला आणि बिनचाकी गाड्या

दोस्तांनो, स्वेटर, मफलर, कानटोपी असं सगळं चढवलंत ना? आज आपण फोरोखेलला निघालोय. भूगोलाचं पुस्तक मात्र उघडू नका. हे ठिकाण त्यात नाही! ते आहे जे. आर. आर. टोल्किन या इंग्रज लेखकाच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४-५५) या कादंबरीच्या जगात.

त्या जगात बुटके हॉबिट राहतात तो हिरवागार शायर प्रांत आहे. तिथून उत्तरेला शंभरेक लीग, म्हणजे साधारण ५०० किलोमीटर गेलं, की गोठलेला उपसागर लागतो. फार पूर्वी मॉरगॉथ या दुष्टाचं उत्तरेत राज्य होतं. तो गेला, पण त्याची थंडी मागे राहिली.

अशा ठिकाणी माणसं राहतात? राहतात तर! त्यांना लॉसॉथ म्हणतात, म्हणजे हिममानव. घर बर्फाचं. पायांना हाडं बांधून ती बर्फावरून सुर्रकन् घसरत जातात. त्यांच्या गाड्यांना चाकंच नसतात; बर्फात चाकाचा काय उपयोग? या गोष्टी निव्वळ कल्पनेतल्या नाहीत बरं का! उत्तर युरोपात हाडांचे जुने स्केट्स खरोखरच सापडले आहेत, आणि इनुइट लोक बर्फाचं घर बांधत. बर्फात अडकलेली हवा आतली ऊब बाहेर जाऊ देत नाही.

एकदा त्यांच्याकडे एक पाहुणा आला. साल १९७५; आपलं नव्हे, त्या जगाच्या तिसऱ्या युगातलं! लढाईत हरलेला, उपाशी राजा आर्वेदुई. त्यानं रत्नं पुढे केली. पण रत्नं खाता येतात का? की पांघरता येतात? लॉसॉथना त्यांची किंमत वाटली नाही. राजाच्या शत्रूची, चेटक्या राजाची, त्यांना भीतीही होती. तरी थोडी दया आली, थोडा सैनिकांच्या शस्त्रांचा धाक वाटला. त्यांनी जेवण दिलं, बर्फाच्या झोपड्या बांधून दिल्या.

मार्चमध्ये राजाला न्यायला जहाज आलं. लॉसॉथांच्या नायकानं वारा हुंगला आणि तो म्हणाला, ‘आत्ता जाऊ नका. उन्हाळ्यापर्यंत थांबा.’ राजानं ऐकलं नाही. आभार म्हणून बोटातली अंगठी तेवढी दिली आणि सांगितलं, ‘अडचण आली तर माझे लोक हिच्या बदल्यात हवं ते देतील.’ तो जहाजावर चढला. वादळ आलं, बर्फानं जहाज चिरडलं आणि राजा बुडाला.

अंगठी मात्र वाचली! राजाच्या वंशजांनी ती पुढे मोबदला देऊन सोडवून नेली. कित्येक पिढ्यांनी ती आरागॉर्नकडे आली. तुम्ही सिनेमा पाहिला असेल, तर त्याचा हात आठवा!

नायकाकडे ना मुकुट होता, ना पोथ्या. पण तिथला वारा त्याला वाचता येत होता. तुमच्या गावात असा वारा वाचणारं कोण आहे? कोळीकाका? शेतावरचे आजोबा? या सुट्टीत त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, ‘पाऊस येणार, हे तुम्हाला कसं कळतं?’